पडद्यांपलीकडील मुलूख

जो मनुष्य वीस वर्षे बास गिटार वाजवीत आला आहे, ज्याने लग्नाच्या स्वागतसमारंभांपासून नाट्यगृहांतील मैफलींपर्यंत शेकडो रात्री खांद्याला पट्टा अडकवून उभ्याने काढल्या आहेत, आणि ज्याला कोणत्याही पट्टीतील कोणतेही गाणे दिले असता त्याच्या तळाशी चालणारा मंद्र स्वरांचा कारभार डोळे मिटून सांभाळता येतो, असा मनुष्य प्रथमच डबल बाससमोर उभा राहतो तेव्हा आपण आपल्याच घराण्याच्या जुन्या वाड्यात आलो आहोत असे त्याला वाटते. तसे वाटण्यास आधारही आहे. दोन्ही वाद्यांना बहुधा चारच तारा असतात. त्या ई, ए, डी, जी अशा एकाच क्रमाने, एकमेकींपासून चौथ्या स्वराच्या अंतरावर मिळविलेल्या असतात. त्यांची कंपने सेकंदाला सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ इतकी, म्हणजे अगदी तंतोतंत तीच. आणि दोन्ही वाद्यांसाठी स्वरलिपी लिहिताना ती प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक सप्तक वर लिहावयाची, हा संकेतही समान. मी स्वतः एकवीस वर्षे बास गिटार वाजविल्यानंतर डबल बासकडे वळलो, तेव्हा याच साम्याच्या भरवशावर वळलो होतो. नकाशा तोच होता. त्या नकाशावरील हद्दी मात्र सर्वस्वी पुसलेल्या होत्या, हे कळावयास दहा मिनिटेही लागली नाहीत.

या हद्दी कोणी आखल्या होत्या, ते आधी सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करता करता वाद्यनिर्मितीकडे वळलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली एक नवे वाद्य बाजारात आणले. त्या काळच्या नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत ढोल, कर्णे आणि विजेवर चालणारी गिटार यांच्या कल्लोळात डबल बास ऐकू येईनासा झाला होता. शिवाय माणसाच्या उंचीचे ते धूड गाडीच्या टपावर बांधून गावोगाव हिंडविणे वादकांना जड झाले होते. फेंडर यांनी त्या धुडाच्या चार तारा गिटारसारख्या सपाट लाकडावर चढविल्या, तारेची लांबी ३४ इंचांवर आणली, आणि दांडीवर धातूचे पडदे बसविले. वाद्याला त्यांनी नाव दिले ‘प्रिसिजन बास’, आणि ती अचूकता या पडद्यांतूनच यावयाची होती. सतारीवर जसे पडद्याच्या मागे कोठेही बोट दाबले तरी स्वर पडद्याचाच निघतो, तसेच येथे. मोजणीखात्याने शेताच्या बांधावर दगड रोवून द्यावेत आणि शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या त्या दगडांच्या दाखल्यावर निश्चिंत असावे, तशी बास गिटारच्या वादकाची स्थिती असते. स्वर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची जबाबदारी कारखान्यातच पार पडलेली असते.

डबल बासच्या काळ्याभोर आबनुशी पट्टीवर असा एकही दगड नाही. सतारीवरून सरोदकडे जाणाऱ्या वादकाला जे जाणवत असेल तेच येथे जाणवते: बोट जेथे पडेल तेथेच स्वर. बरे, ती पट्टी नुसती कोरी असती तरी एक वेळ निभावले असते, पण तिच्यावरील अंतरेही बदललेली असतात. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या, ज्याला ‘तीन-चतुर्थांश’ मापाचा म्हणतात त्या, डबल बासच्या तारेची लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर असते. बास गिटारची ८६. या फरकाचा हातावर काय परिणाम होतो ते मोजून पाहण्यासारखे आहे. मोकळ्या तारेपासून पहिल्या अर्धस्वरापर्यंतचे अंतर बास गिटारवर साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर भरते, तर डबल बासवर जवळजवळ साठ. बास गिटारच्या वादकाला एकेका बोटाला एकेक पडदा वाटून देण्याची सवय असते; चार बोटे, चार पडदे, हाताचा एकंदर ताण सुमारे १३० मिलिमीटर. हाच हिशेब डबल बासवर लावू गेल्यास पंजा १५८ मिलिमीटर ताणावा लागतो, आणि तोही बास गिटारच्या दीडपट ताणाच्या जाड तारा दाबून धरीत. पहिल्या आठवड्यात मी तो हट्ट धरला. तळहाताच्या करंगळीकडील बाजूस जी कळ उठली ती पुढे महिनाभर पाणी भरलेली बादली उचलतानाही जाणवत असे. वाद्यापासून होणारी स्नायूंची दुखापत ही काही शौर्याची खूण नव्हे. ती शिक्षण चुकीच्या वाटेने चालल्याची पहिली सूचना होय, आणि ती मिळताच थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

थांबून मी ज्यांच्याकडे गेलो ते मूळचे गोव्याचे, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत वर्षानुवर्षे डबल बास वाजविलेले एक वृद्ध वादक होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच सोल्फेज (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकविण्याची जी परंपरा पोर्तुगीज अमलात रुजली, तिच्यातून निघालेल्या वादकांनी मुंबईतील हॉटेलांतले जॅझचे ताफे आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद किती मोठ्या प्रमाणावर उभे केले, हे चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सांगावयास नको. मास्तरांनी मला वाजवावयास सांगितले. माझ्या बोटांत मुरलेली एक जॅझची चाल मी वाजविली. तिचा एकेक स्वर शेजारच्या स्वराच्या उंबरठ्यावर उभा राहिल्यासारखा, ना आत ना बाहेर, असा निघत गेला, आणि सर्वांत असह्य गोष्ट ही की तो प्रत्येक स्वर किती चुकला हे मला अचूक ऐकू येत होते. नवशिक्याला हे दुःख नसते. त्याचा कान आणि हात बरोबरीने वाढतात. अनुभवी वादकाचा कान वीस वर्षे पुढे गेलेला असतो आणि हाताला मात्र पुन्हा बिगरीत नाव घालावे लागते. या दोहोंमधील अंतर धीराने सोसणे हाच या शिक्षणाचा खरा कठीण भाग आहे.

मास्तर उठले आणि माझ्या डाव्या हाताचा अंगठा त्यांनी वाद्याच्या मानेवरून अलगद काढून घेतला. “आता वाजव.” मी म्हणालो, “मास्तर, अंगठ्याशिवाय तार दाबणार कशी?” त्यांनी माझ्या कोपराखाली आपला हात धरला आणि तो एकदम काढला. कोपर खाली आले, त्याच्या वजनाने बोटे तारेवर ओढली गेली आणि तार पट्टीला टेकली. “अशी. तू चिमटा काढतोस, बाबा. चिमटा नको. हात नुसता लटकव.” बास गिटारवर तार दांडीपासून दोनअडीच मिलिमीटरच उंच असते, म्हणून अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीने काम भागते, डबल बासवर पट्टीच्या खालच्या टोकाशी तारेची उंची याच्या तिप्पटचौपट भरते, आणि तेथे चिमटीचे बळ तासाभरात संपते. खांद्यापासून लोंबणाऱ्या सबंध हाताचे वजन मात्र कधी संपत नाही. यासाठी वाद्यही अंगावर असे तोलून धरावे लागते की दोन्ही हात सोडले तरी ते पडू नये: खालचा लोखंडी पाय इतका बाहेर काढावयाचा की मानेचे वरचे टोक साधारण भुवईच्या रेषेत यावे, आणि वाद्याची मागची कड कमरेच्या डाव्या बाजूला विसावावी. हा तोल साधण्यातच माझे तीन आठवडे गेले. ते मुळीच वाया गेले नाहीत.

बोटांच्या वाटणीचा प्रश्न फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकातच निकालात काढला होता. प्राग येथे शिकून व्हिएन्नाच्या दरबारी संगीतनाट्यगृहात वादक झालेल्या या शिक्षकाची पद्धती आजही बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती प्रथम पडते. त्यांनी पंजाच्या कक्षेत फक्त एक पूर्ण स्वर ठेवला: पहिले बोट, त्यापुढे अर्ध्या स्वरावर दुसरे, आणि आणखी अर्ध्या स्वरावर चौथे, तिसऱ्या बोटाने स्वतंत्र स्वर घ्यावयाचा नाही, त्याने दुबळ्या करंगळीला आधार द्यावयाचा. पट्टीच्या वरच्या टोकाशी हे अंतर ११० मिलिमीटरच्या आतबाहेर भरते, म्हणजे बास गिटारवरील सवयीपेक्षाही कमी. पंजा सैल राहतो, पण त्याची किंमत अशी की हात सतत वरखाली सरकवावा लागतो. बास गिटारवर एका जागी उभे राहून जे सात स्वर मिळतात त्यांसाठी येथे दोनतीनदा मुक्काम हलवावा लागतो. याला पर्याय शोधणारेही झाले. अलेप्पो येथे १९३१ साली जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेल्या फ्रांस्वा रबाथ यांनी अंगठा एका ठिकाणी ठेवून त्याभोवती पंजा फिरविण्याची आणि पट्टीचे कमी, मोठे विभाग पाडण्याची रीत विकसित केली, आणि तिचा प्रभाव आज जगभर आहे. माझा अनुभव असा की बास गिटारवरून येणाऱ्याने आधी वर्षभर सिमांडल यांच्याच शिस्तीत राहावे. रबाथ यांची रीत त्याच्या जुन्या सवयीला जवळची वाटते, आणि म्हणूनच ती त्याला लवकर फसवू शकते.

सरकणारा हात थांबतो कोठे, हा पुढचा प्रश्न. पडदे नसले तरी हा मुलूख अगदीच निशाणीवाचून नाही. वाद्याची मान जेथे धडाला मिळते तेथे मागच्या बाजूस एक खोबण असते; अंगठा तिच्यात टेकला की बहुसंख्य वाद्यांवर पहिले बोट जी तारेवरील डी या स्वरावर, काही वाद्यांवर त्याच्या अर्धा स्वर वर, येऊन पडते. अंधाऱ्या रात्री घाट उतरणाऱ्याला वळणावरचा चिरेबंदी पार हाताला लागावा, तसा हा टप्पा लागतो. या एका ठिकाणाहून मागेपुढे अंतरे मोजत विद्यार्थी आपली स्वतःची जमाबंदी तयार करतो. ती डोळ्यांनी करता येत नाही, कारण उभे राहून वाजविताना पट्टी दिसते ती तिरपी आणि फसवी. ती कोपराच्या कोनाने, खांद्याच्या ताणाने आणि मुख्यत्वे कानाने होते.

उजव्या हाताची कथा थोडक्यात सांगतो. बास गिटारवर दोन बोटांची टोके आलटूनपालटून तारेवर चालतात आणि आवाज मोठा करण्याचे काम विजेकडे असते. डबल बासवर जॅझचे वादन करताना तर्जनी जवळजवळ तारेला समांतर खाली वळवून तिच्या कडेच्या सबंध मांसल भागाने तार ओढावयाची असते, अंगठा पट्टीच्या कडेला टेकलेला, आणि ओढ मनगटाची नसून पुन्हा हाताच्या वजनाची. माझ्या बोटांच्या टोकांना वीस वर्षांचे घट्टे होते. तर्जनीच्या कडेला एकही नव्हता, आणि पहिला फोड तेथेच आला. पण एकदा ती ओढ साधली, की तार सुटल्याबरोबर प्रथम लाकडाचा एक भरीव ठोका येतो आणि त्यामागून स्वर फुलतो व लवकर विरून जातो. बास गिटारचा स्वर दीर्घकाळ टिकतो, म्हणून तेथे वादकाला स्वर कधी थांबवावा याचा विचार करावा लागतो. येथे तो विझण्यापूर्वी पुढचा स्वर त्याच्या हाती कसा द्यावा याचा. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात १९३९ साली आलेला आणि अवघ्या तेविसाव्या वर्षी क्षयाने गेलेला जिमी ब्लँटन, किंवा १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभीच्या रचनेचे मुख्य सूत्र स्वतःच्या तारांवर पेलणारा पॉल चेंबर्स, यांचे वादन मी तरुणपणी अनेकदा ऐकले होते. तर्जनीला फोड आल्यानंतर मी ते प्रथम समजून ऐकले.

गजाचा विषय मात्र रेंगाळून सांगण्यासारखा आहे, कारण जॅझकडे ओढा असणारे बहुतेक बास गिटारवादक त्याला टाळतात. आपणास गजाने वाजवावयाचेच नाही, मग तो शिका कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. पण छेडलेला स्वर क्षणात विरतो, त्याची चूक झाकली जाते. गजाने काढलेला स्वर पाचसहा सेकंद तुमच्यासमोर उभा राहतो आणि आपली खरी जागा दाखवीत राहतो. गज धरण्याच्या दोन रिती आहेत, वरून धरण्याची फ्रेंच आणि खालून धरण्याची जर्मन. आपल्याकडील सारंगीवादक जसा तळहात वर करून गज धरतो त्या रीतीशी जर्मन रीत मिळतीजुळती, आणि मला तीच सोपी गेली. गजाच्या केसांना राळ लावून मी पहिल्यांदा तार घासली तेव्हा निघालेला कर्कश आवाज शेजाऱ्यांनी तक्रार करण्याजोगाच होता. पण मास्तरांनी तजवीज केली ती अशी की, घरात असलेला मिरजेचा जुना तंबोरा ए या स्वरात मिळवून, कोणाला तरी तो छेडावयास बसवून, त्याच्या संगतीने मी रोज अर्धा तास केवळ लांब स्वर काढावेत. माझ्या आईने ते काम आनंदाने पत्करले. ती गाणे शिकलेली. तिच्या कानाला स्वयंभू गांधार नवा नव्हता. मी तंबोऱ्याच्या संगतीने गांधार लावला, आणि तो तिला चढा लागला. “पेटीतला लावतोस,” ती म्हणाली. तिचे बरोबर होते. बास गिटारच्या पडद्यांनी माझ्या कानात समान अर्धस्वरांची जी व्यवस्था भरली होती तिच्यातील गांधार हा तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. डबल बासच्या पट्टीवर हे अंतर सहासात मिलिमीटर भरते, म्हणजे बोटाच्या अर्ध्या रुंदीइतके. पियानोच्या संगतीला बसलो तर मला पेटीचाच गांधार लावावा लागणार, आणि व्हायोलिनांच्या संगतीला कदाचित दुसरा. निवड करण्याचा अधिकार माझ्याकडे आला होता, आणि तो वीस वर्षांत कधी नव्हता.

आता वाद्याच्या देहाविषयी. बास गिटार म्हणजे लाकडाचा ठोकळा. डबल बास ही एक जिवंत पेटी आहे. तिचे पोट स्प्रूसचे, पाठ आणि बरगड्या मेपलच्या, सांधे सरसाने जोडलेले. सरस मुद्दाम बेताचा लावतात, कारण हवामानाने लाकूड फुगले किंवा आकसले तर तडा लाकडास न जाता सांधा उकलावा, म्हणजे तो पुन्हा चिकटविता येतो. पावसाळ्यात पोट वर येते, घोडी त्याबरोबर चढते, तारा उंचावतात आणि बोटांना दुप्पट श्रम पडतात. म्हणून घोडीच्या पायांत उंची कमीजास्त करण्याची चाके बसवून घ्यावीत. आत, घोडीच्या एका पायाजवळ, पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक लाकडी काडी केवळ दाबाने उभी केलेली असते. फ्रेंच आणि इटालियन भाषांत तिला ‘आत्मा’ याच अर्थाचे नाव आहे. हे नाव किती सार्थ आहे ते मला एका रविवारी कळले. बास गिटारच्या सवयीने मी जुन्या चारही तारा एकदम उतरविल्या; घोडी कलंडली, आणि पेटीच्या पोटात काहीतरी गडगडत गेले. नव्या तारा चढविण्यापूर्वीच वाद्य मुके झाले होते. कारागिराने कमानीसारख्या वळलेल्या हत्याराने खाचेतून ती काडी पुन्हा उभी केली आणि मला एवढेच सांगितले, की तारा नेहमी एकेक करून बदलाव्यात. हवामानाचा फटका याहून मोठाही बसतो: फ्लोरिडाचा बास गिटारवादक जेको पास्टोरियस याने तरुणपणी पैसे साठवून घेतलेला डबल बास तेथील दमट हवेने भंगला, आणि पुढे त्याने आपल्या बास गिटारचेच पडदे उपटून, खाचा भरून, वर नौकांसाठी वापरतात तो राळेचा लेप दिला, हे प्रसिद्धच आहे. त्या पडदे नसलेल्या गिटारने १९७६ च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून बास गिटारच्या इतिहासाला वळण दिले.

मागील अनुभव मग निरुपयोगी ठरतो काय? मुळीच नाही. तालाची जाण, स्वरसंवादांचे ज्ञान, गायकाखाली कोणता स्वर ठेवला म्हणजे तो सुखाने उभा राहील याची समज, हे सारे धन जसेच्या तसे नव्या वाद्यावर चालते. ब्रुकलिनचा जॉन पाटिटुची दहाव्या वर्षी बास गिटारकडे आणि पंधराव्या वर्षी डबल बासकडे आला आणि दोन्हींवर अधिकारी ठरला. त्याहून जुना दाखला जोव्हान्नी बोत्तेसिनी याचा. १८३५ साली मिलानच्या संगीतविद्यालयात शिष्यवृत्तीच्या जागा उरल्या होत्या त्या फक्त बासून हे फुंकवाद्य आणि डबल बास यांच्या. व्हायोलिन शिकलेल्या या मुलाने काही आठवड्यांत डबल बासची तयारी केली आणि प्रवेश मिळविला. पुढे तो या वाद्याचा युरोपभर गाजलेला वादक झाला, आणि १८७१ साली कैरो येथे ‘आयदा’ या संगीतनाट्याच्या पहिल्या प्रयोगाचे संचालनही त्यानेच केले. व्हायोलिनने त्याला पडद्यांशिवाय जगण्याची सवय आधीच लावली होती, एवढा फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे.

आठव्या महिन्यातील एक सकाळ मला आठवते. आई तंबोरा ठेवून स्वयंपाकघरात गेली होती. मी ई तारेवर, पट्टीच्या वरच्या भागात, दुसऱ्या बोटाने जी हा स्वर घेऊन गज सावकाश ओढीत होतो. स्वर नीटच वाटत होता. सहज नजर गेली तर पलीकडची मोकळी जी तार, जिला मी शिवलोही नव्हतो, खिडकीच्या उजेडात धूसर होऊन थरथरत होती. खालचा जी तिच्या बरोबर एक सप्तक खाली आहे. तो अचूक लागला म्हणजे ती आपण होऊन बोलू लागते. मी बोट केसभर पुढे सरकविले. तार थांबली, तिची कड पुन्हा स्वच्छ दिसू लागली. बोट मागे आणले, आणि ती पुन्हा धूसर झाली.